ओकायामातील यजमानांसोबतचा रविवार : आखणी, आहार आणि संवाद

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपली कन्या महाविद्यालयाच्या गटाबरोबर जपानला जात असून ओकायामा शहरात आठवडाभर एका कुटुंबाकडे राहणार आहे. घरात आजी, पती-पत्नी आणि आठ वर्षांचा मुलगा आहे. मधल्या रविवारी तिला दिवसभर फिरवून आणू आणि संध्याकाळी तिच्या हातचे भारतीय जेवण जेवू, असे यजमानांनी कळवले आहे. आपले घर शाकाहारी आहे, मुलीचे जपानी जेमतेम कामापुरते आहे, आणि हा दिवस नीट पार पडावा म्हणून काय करावे, असे आपण विचारले आहे.

मी पुण्यात जपानी भाषा शिकवतो आणि दुभाष्याचे कामही करतो. पंचवीसहून अधिक वर्षे विद्यार्थ्यांचे गट जपानी घरांत राहायला नेत आलो आहे आणि त्यांतले काही ओकायामातच राहिले. तेव्हा पुढचे सगळे अनुभवातून लिहीत आहे. जपानी यजमानाला जे सांगायचे असेल ते आधी, नेमके आणि लेखी सांगावे, आणि एकदा सांगून झाले की तो दिवस पूर्णपणे त्यांच्या हाती सोपवावा, हे माझे मुख्य सांगणे आहे. आपल्याकडची मुले बहुधा याच्या नेमके उलट करतात. आधी विचारले तर संकोचाने ‘काहीही चालेल’ म्हणतात, आणि ऐन दिवशी ‘तिकडेही जाऊ या का?’ असे सुचवतात. आपल्या घरी पाहुण्याने असे म्हटले तर आनंदच होतो. जपानी यजमानीणबाईंनी मात्र गाड्यांच्या वेळा, विसाव्याच्या जागा, पाऊस आल्यास काय करायचे आणि सोमवारी मुलाची शाळा आहे म्हणून किती वाजता परतायचे, हे सगळे आठवडाभर आधी कागदावर उतरवलेले असते. ऐनवेळची सूचना त्यांना नाकारताही येत नाही आणि स्वीकारताही येत नाही. ‘चोत्तो…’ म्हणजे ‘जरा…’ एवढेच म्हणून वाक्य अर्धवट सोडले गेले, तर ते नकाराचे उत्तर आहे असे समजून विषय तिथेच थांबवायला मुलीला शिकवून ठेवा.

लेखी सांगण्याच्या गोष्टींत पहिला क्रमांक आहाराचा. ‘मी बेजितारियन आहे’ एवढे सांगणे पुरेसे नाही. पुष्कळ जपानी लोकांच्या मनात त्याचा अर्थ मांस न खाणारी व्यक्ती असा होतो आणि मासे त्यात गृहीत असतात. मासे चालत नाहीत असे सांगितले तरी ‘दाशी’ उरतेच. दाशी म्हणजे स्वयंपाकाचे मूळ पाणी. बोनितो जातीचा मासा वाळवून-धुरावून त्याचे पातळ काप करतात, त्याला कात्सुओबुशी म्हणतात, आणि बहुतेक घरांत ते काप किंवा छोटे सुके मासे उकळून दाशी काढतात. मिसोचे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सार, शिजवलेल्या भाज्या, उदोन या जाड शेवयांचा रस्सा, सोबा या बारीक शेवया बुडवून खाण्याचे पाणी, इनारीझुशी या भात भरलेल्या पदार्थाचे गोडसर तोफू या सगळ्यांत ती असते आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दाशी चालणार की नाही, याचा निर्णय आधी आपल्या घरी बसून करा. दोन्ही निर्णय माझ्या दृष्टीने सारखेच योग्य आहेत, पण तो तिथे ताटावर बसल्यावर करू नये. चालणार नसेल तर मुलीने रोमन किंवा जपानी लिपीत हे लिहून पाठवावे : ‘निकु, साकाना, तामागो, सोरे कारा कात्सुओ या निबोशि नो दाशि वा ताबेरारेमासेन. कोंबु तो शिइताके नो दाशि वा दाइजोबु देसु.’ अर्थात मांस, मासे, अंडी आणि माशांची दाशी खाता येत नाही, पण कोंबु हे समुद्री शेवाळ आणि शिइताके अळंबी यांची दाशी चालते. दूध, दही, चीज चालते हेही जोडावे. केवळ निषेधांची यादी वाचून यजमानीणबाई गांगरतात. काय चालते हे कळले की त्या उत्साहाने कामाला लागतात.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण एक जुना प्रसंग आहे. एका विद्यार्थिनीने ‘मी मांस खात नाही’ एवढेच कळवले होते. यजमानीणबाईंनी तिच्यासाठी आदल्या रात्रीपासून खपून ओकायामाची खास बाराझुशी केली. हा व्हिनेगर लावलेल्या भाताचा सणाचा पदार्थ असून त्यावर कोळंबी, बाम मासा, कमळकाकडी, मटाराच्या शेंगा अशी सजावट असते. या प्रांताचे सरदार इकेदा मित्सुमासा यांनी काटकसरीसाठी ‘एक सार, एक तोंडीलावणे’ असा दंडक घातला, तेव्हा लोकांनी मासे आणि भाज्या भाताखाली लपवून तो पाळल्यासारखे केले आणि त्यातून हा पदार्थ जन्मला, अशी कथा तिथे सांगतात. ती मुलगी एक घासही खाऊ शकली नाही आणि यजमानीणबाई पूर्ण संध्याकाळ तिची क्षमा मागत राहिल्या. चूक कोणाचीच नव्हती, फक्त दोन ओळी लिहायच्या राहिल्या होत्या. पत्र तपासण्याचे काम माझे होते आणि मी ते केले नाही, याची खंत मला आजही आहे.

रविवारच्या दुपारच्या जेवणासाठी माझी शिफारस घरून डबा नेण्याची आहे. सकाळी यजमानीणबाईंच्या शेजारी उभे राहून ओनिगिरी म्हणजे भाताचे मुटके वळायला मिळणे हा फिरण्याइतकाच मोलाचा अनुभव आहे. हात ओले करून, चिमूटभर मीठ तळव्याला लावून गरम भाताचा त्रिकोण वळायचा असतो. मोदक वळणाऱ्या हातांना ते लवकर साधते. आत उमेबोशी हे खारवलेले आंबट फळ घालतात, मात्र बाजारच्या काही उमेबोशींना कात्सुओबुशीचा स्वाद दिलेला असतो, तेवढे पाकिटावर पाहून घ्यावे. सोबत तीळ लावलेल्या उकडलेल्या भाज्या आणि तळलेले तोफू असले की डबा पूर्ण होतो.

आता फिरण्याविषयी. ओकायामाचे यजमान पाहुण्याला जवळजवळ नेहमी कोराकुएन उद्यानात नेतात, आणि पुण्याच्या मुलीसाठी याहून योग्य जागा नाही. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, याच कोराकुएनच्या धर्तीवर उभे आहे. जाण्यापूर्वी मुलीने त्या उद्यानात दोन तास शांतपणे घालवावेत आणि तळे, पूल, टेकडी, लोक चालताहेत, आजी-आजोबा बसले आहेत, अशी पाच-सात छायाचित्रे छापून न्यावीत. आपल्या गावाच्या बागेसारखी बाग पुण्यात आहे, हे ओकायामातल्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसते. मूळ उद्यानात उभे राहून ती छायाचित्रे आजींच्या हातात दिली की पुढचा अर्धा तास संभाषणासाठी काहीही शोधावे लागत नाही. हे मी अनेकदा पाहिले आहे.

कोराकुएन हे कानाझावाचे केनरोकुएन आणि मितोचे काइराकुएन यांच्यासह जपानच्या तीन श्रेष्ठ उद्यानांत गणले जाते. सरदार इकेदा त्सुनामासा यांनी १६८७ मध्ये त्याचे काम सुरू करवले आणि १७०० मध्ये ते पूर्णत्वास आले. ‘कोराकुएन’ हे नाव मात्र १८७१ मधले. राज्यकर्त्याने प्रजेच्या आधी चिंता करावी आणि प्रजेच्या नंतर सुख भोगावे, अशा चिनी वचनातले ‘नंतर सुख’ हे शब्द त्या नावात आहेत. जपानी उद्यान म्हटले की आपण दाट झाडी आणि शेवाळलेले दगड डोळ्यांसमोर आणतो, पण येथे मोकळी हिरवळ, भाताची छोटी खाचरे आणि चहाचा मळाही आहे. बाहेरचा किल्ला आणि मिसाओ डोंगर झाडांच्या रेषेवरून असे डोकावतात, की ते बागेचाच भाग वाटावेत. या रचनेला ‘शाक्केइ’ म्हणजे उसने घेतलेले दृश्य म्हणतात. हा एक शब्द मुलीने पाठ करून न्यावा. बागेत योग्य जागी थांबून तिने तो उच्चारला तर यजमानांचे चेहरे उजळतील.

बागेत एक र्‍युतेन नावाचा मंडप आहे. त्याच्या मधोमध ओहोळ वाहतो, ओहोळात रंगीत दगड मांडलेले आहेत आणि दोन्ही बाजूंना बसायला फळ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातून वाचलेल्या थोड्या वास्तूंपैकी ही एक. बागेत कितीही कमी वेळ मिळाला तरी येथे पंधरा मिनिटे काहीही न बोलता बसावे, अशी माझी सूचना आहे. आपल्याला शांतता भरून काढावीशी वाटते, जपानी माणसाला तशी घाई नसते, आणि शेजारी मुकाट बसता येणारा पाहुणा त्यांना जवळचा वाटतो. बागेत लाल माथ्याचे क्रौंच पक्षीही पाळलेले आहेत. युद्धानंतर ते तिथे उरले नव्हते. तरुणपणी ओकायामात शिकून गेलेले चिनी लेखक गुओ मोरुओ यांनी १९५६ मध्ये चीनमधून दोन क्रौंच भेट पाठवले. परदेशी विद्यार्थ्याने यजमान गावाची आठवण कशी ठेवावी, याचे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही, आणि आपली कन्याही परदेशी विद्यार्थिनी म्हणूनच तिथे जाणार असल्याने ही हकिकत तिला मुद्दाम सांगावी.

उद्यानातच माच्चा म्हणजे हिरव्या पुडीचा चहा घेण्याचा बेत असेल, तर आधी मिठाई संपवायची, मग वाडगा उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर ठेवायचा, त्याची दर्शनी बाजू तोंडाशी येऊ नये म्हणून थोडा फिरवायचा आणि प्यायचा, एवढे पुरे. शेवटचा घोट आवाज करून घेतला तर तो असभ्यपणा नव्हे. बसायचे असते ते आपल्या वज्रासनासारखे. पायांना मुंग्या आल्या तर सांगून पाय मोकळे करावेत, कोणी वाईट मानत नाही.

बागेच्या दक्षिण दारातून त्सुकिमी पूल ओलांडला की असाही नदीपलीकडे ओकायामाचा किल्ला येतो. काळ्या फळ्यांमुळे त्याला ‘कावळा किल्ला’ म्हणतात. उकिता हिदेइए यांनी १५९७ मध्ये पूर्ण केलेला त्याचा मुख्य मनोरा २९ जून १९४५ च्या पहाटेच्या बाँबहल्ल्यात जळाला. आज दिसतो तो १९६६ चा काँक्रीटचा आहे. आपल्याकडची मंडळी हे कळताच ‘म्हणजे खरा नाही तर’ असे सहज बोलून जातात. ते कटाक्षाने टाळावे. ज्या शहराचा मोठा भाग एका पहाटे जळून गेला, त्याने आपला किल्ला पुन्हा उभा केला आहे, आणि आजींच्या वयाच्या माणसांनी घरातल्या मोठ्यांकडून त्या पहाटेविषयी ऐकलेले असते. युद्धाचा विषय मुलीने स्वतः काढू नये. आजींनी काढला, तर सुभाषबाबूंचा किंवा टोकियोच्या युद्धखटल्यात जपानी नेत्यांना निर्दोष ठरवणारे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचा दाखला देण्याची घाई न करता फक्त ऐकावे. त्यावर काही म्हणायचे झाले तर ‘सांगितलेत याबद्दल आभारी आहे’ एवढेच पुरते.

दुपारनंतर बहुधा कुराशिकी येईल. ओकायामाहून आगगाडीने पाव तासाच्या आसपास लागतो. कालवा, विलोची झाडे, पांढऱ्या भिंतींची जुनी कोठारे आणि १९३० मध्ये ओहारा मागोसाबुरो यांनी चित्रकार मित्र कोजिमा तोराजिरो यांच्या स्मरणार्थ उभारलेले ओहारा कलासंग्रहालय ही तिथली प्रसिद्ध स्थळे. एका दिवसात संग्रहालयाच्या आत जाण्याचा हट्ट मी धरणार नाही. आयव्ही स्क्वेअर मात्र चुकवू नये. वेलींनी झाकलेल्या विटांच्या या इमारती मुळात कुराशिकी सूतगिरणीच्या, १८८९ च्या. समुद्र हटवून मिळवलेल्या खारट जमिनीत येथे कापूस पिकवला जाई आणि त्यातून हा परिसर वस्त्रोद्योगाचा झाला. पुढे जपानी गिरण्यांची भूक देशी कापसावर भागेना, तेव्हा १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कंपनीने जमशेदजी टाटा यांच्या सहकार्याने मुंबईची जहाजवाहतूक सुरू केली आणि हिंदुस्थानी कापूस जपानला जाऊ लागला. मुंबईच्या गिरणगावात ज्यांचे आजोबा-पणजोबा राबले, अशी कितीतरी मराठी घरे आहेत. आपल्या घराण्यात तसे कोणी असेल तर मुलीने ते तिथे सांगावे आणि आजींना विचारावे, आपल्याकडे कोणी गिरणीत होते का? भारताविषयी सर्वसाधारण माहिती सांगण्यापेक्षा असा एक प्रश्न अधिक दूर नेतो.

एका दिवसात यापेक्षा जास्त काही नको. कुराशिकी गळाले आणि बागेतच दुपार झाली, तरी दिवस वाया गेला असे मी म्हणणार नाही.

खर्चाबाबत घरोघरी चिंता असते म्हणून सांगतो. प्रवेशशुल्क आणि गाडीभाडे यजमान देऊ पाहतील. एकदा आपले पाकीट काढावे, त्यांनी नको म्हटले तर दुसऱ्यांदा आग्रह न करता मान लववून आभार मानावेत. बिलावरून ओढाताण करणे हे आपल्याकडे प्रेमाचे लक्षण असले तरी तिथे ते सर्वांना अवघडून टाकते. घरी रोख रक्कम देऊ करणे तर अजिबात नको. त्याऐवजी ‘दुपारचे आइस्क्रीम माझ्याकडून’ असे सकाळीच सांगून ठेवावे. भेटवस्तूही माफक असावी, कारण महाग वस्तू मिळाली की तिची परतभेट देण्याचे ओझे त्यांच्यावर येते. बाकरवडी, कमी तिखट चिवडा, एखादे साधे पितळी निरांजन हे पुरे. ताजी फळे आणि मांसाचे पदार्थ सामानात ठेवू नयेत, विमानतळावर अडचण होते.

त्या घरातला आठ वर्षांचा मुलगा हा आपल्या कन्येचा सर्वांत चांगला शिक्षक ठरेल. ओकायामा हा मोमोतारो या लोककथेतल्या वीराचा मुलूख मानतात. नदीतून वाहत आलेल्या पीच फळातून जन्मलेला हा मुलगा किबीदांगो नावाचे छोटे गोळे वाटून कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना सोबती करतो आणि राक्षसांना जिंकतो. ही गोष्ट मुलाला सांगायला लावावी. आठ वर्षांच्या मुलाची वाक्ये तिला कळतील आणि न कळलेला शब्द तो हातवारे करून समजावेल. बदल्यात तिने ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ सांगावी. ‘काबोचा’ म्हणजे भोपळा, एवढा एक शब्द आणि लेकीकडे निघालेली म्हातारी, वाघ, कोल्हा, एवढे सोपे जपानी तिला नक्की जमेल. घरच्या सर्वांची नावे देवनागरीत लिहून द्यावीत आणि त्याच वेळी त्यांना दाखवावे, की जपानी अक्षरांचा क्रम ‘आ, इ, उ, ए, ओ’ आणि मग ‘का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’ असा आपल्या वर्णमालेच्या अंगानेच जातो. संस्कृत अक्षरांचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे तो तसा आला. पुष्कळ सुशिक्षित जपानी माणसांनाही हे नव्याने कळते आणि ते वही पुढे ओढून स्वतः पडताळून पाहतात.

संध्याकाळच्या स्वयंपाकात पंचपक्वान्ने करू नयेत. साधे वरण, बटाट्याची पिवळी भाजी, पोळ्या आणि श्रीखंड, असा बेत मी नेहमी सुचवतो. तिथला चिकट भात वरणाबरोबर फार छान लागतो. पोळ्या सर्वांनी लाटायच्या, म्हणून एक छोटे लाटणे सोबत न्यावे आणि तिथेच भेट म्हणून ठेवावे. एक अडचण मात्र ठाऊक असावी : २००८ नंतरच्या जपानी गॅसच्या शेगड्यांना भांडे जास्त तापले की ज्योत आपोआप कमी करणारा सेन्सर असतो, त्यामुळे कोरडा तवा हवा तसा तापत नाही आणि आचेवर फुलका फुगवणेही बहुधा जमत नाही. घरात विजेची शेगडी असू शकते, तेव्हा काय आहे हे आधी विचारून घ्यावे. तव्यावरच, थोडे तेल लावून, घडीची पोळी करणे सर्वांत सुरक्षित. फोडणीत मिरची टाळावी आणि झरोक्याचा पंखा लावूनच तेल तापवावे. श्रीखंडासाठी साधे दही आदल्या रात्री कॉफी गाळण्याच्या कागदात घालून शीतकपाटात निथळत ठेवले की सकाळी चक्का तयार असतो. केशर-वेलची घरून न्यावी आणि साखर आपल्या निम्म्याने घालावी. तांदळाची खीर करू नये. दुधात शिजवलेला गोड भात पुष्कळ जपानी जिभांना रुचत नाही.

जेवणानंतर ओफुरो म्हणजे गरम पाण्याच्या टबातले स्नान असेल. अंग बाहेर घासून-धुऊन मगच टबात उतरायचे आणि निघताना पाणी सोडून द्यायचे नाही, त्यावर झाकण ठेवायचे, कारण त्याच पाण्यात घरातले इतर जण बसणार असतात. पाहुण्याला पहिला मान देतात, तो घ्यावा.

निरोपाच्या दिवशी अंथरुणाच्या चादरी काढून नीट घडी करून ठेवाव्यात आणि परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत हाताने लिहिलेले पत्र पाठवावे. त्यात ‘सर्व काही छान होते’ असे न लिहिता र्‍युतेनमधली पंधरा मिनिटे, आजींचे एखादे वाक्य, मुलाने लाटलेली पोळी, असे काही नेमके लिहावे. आणि त्या घरातून निघताना एक गोष्ट विसरू नये. यजमान दारात उभे राहतात आणि पाहुणा दिसेनासा होईपर्यंत आत जात नाहीत, म्हणून गल्लीच्या वळणावर थांबून, मागे वळून, एकदा वाकून नमस्कार करावा.